सुट्टे

दोन्हीकडे जायचं तर आधी खाडी ओलांडायची.
चिपळूणच्या परकार मॅडम: दर बुधवारी, पन्नास मिनिटं,
किती महिने ते सांगत नाहीत.
गुहागरला सुपारीच्या बागेतलं ते घर:
सलग पाच दिवस, रोज सहा तास,
जेवण धरून किती ते लगेच सांगतात.

मी दाभोळच्या जेट्टीवर तिकिटं फाडते.
अकरा महिने झाले, बोटीवर पाय ठेवलेला नाही.

त्याच्याकडे सायकल होती. हँडलला पिशवी, पिशवीत दुधी.
जाऊन-येऊन? मी विचारलं, सगळ्यांना विचारते तसं.
जायचंच द्या, म्हणाला.
वीसची नोट दिली, उरलेले घ्यायला थांबला नाही.
सायकल धोपाव्याला पोचली.
दुधी पोचला.
आठ रुपये अजून गल्ल्याच्या कोपऱ्यात वेगळे आहेत.

तेव्हापासून मी डोकी मोजते,
इकडून गेलेली, तिकडून आलेली.
जुळत नाही. जुळणार कसं,
माणसं सासरी राहतात, वेळणेश्वरला मुक्काम करतात,
एस.टी.नं लांबून फिरून घरी येतात.
हे मला कळतं. हाताला कळत नाही.
तिकिटाच्या छिद्रांवर येऊन तो थांबतो
आणि मागे रांगेत हॉर्न वाजतात.

दाऊदभाई सारंगाला विचारलं.
म्हणाला, गाळ काढायला ड्रेजर आलेला आठवतो?
आठ दिवस गावाला झोप नाही,
पण मग भर ओहोटीलाही बोट लागायची.
आणि आता?
आता काय गो. दोन पावसाळे गेले.

मावशी म्हणाली, विहीर उपसायची तर एका दमात.
मध्ये जेवायला बसलात की झरे जिंकतात.
तिला मी पाठीच्या दुखण्याचं सांगितलं होतं.

गुहागरला फोन लावला. बाई नीट बोलल्या.
सलग बसलं की दार पुन्हा पुन्हा उघडावं लागत नाही, म्हणाल्या.
हे पटलं. माझं तोंड उघडायलाच चाळीस मिनिटं जातात,
पन्नासातली उरली दहा.
मग त्यांनीच विचारलं:
सहाव्या दिवशी तुम्ही कुठे असाल?
कुठे असणार. जेट्टीवर. साडेसहाची पहिली फेरी.
फोनमध्ये थोडा वेळ फक्त त्यांच्याकडचे कावळे ऐकू आले.

परकार मॅडमना विचारलं, आणि मधले सहा दिवस?
म्हणाल्या, मधले सहा दिवस तुमचे.
हे औषध की धमकी, कळलं नाही.

पैशाचं म्हणाल तर शेवटी सारखंच.
एकीकडे पोस्टातली आरडी मोडायची,
दुसरीकडे कित्येक महिने सुरमईकडे बघायचं नाही.

रात्री वहीत फेऱ्या मांडल्या.
एवढ्या एकाच हिशेबात हात अडत नाही.
गुहागर: जाताना एक, येताना एक.
चिपळूण: सहा महिने धरले तर बावन्न.
बावन्न वेळा ती मधली जागा,
जिथे इंजिनाचा आवाज बदलतो.
बावन्न वेळा पलीकडे किंवा अलीकडे उतरून
पायाखाली काँक्रीट.
मॅडम मला बऱ्या करतील की नाही, माहीत नाही.
खोलीत काय होईल ते खोलीत.
गुहागरच्या बाई जास्त हुशार असतील, असूही देत.
पण बावन्न वेळा मला बोटीवर चढवणारं
दुसरं कोणी नाही.

दाऊदभाईला सांगितलं नाही. तो बोट हळू चालवेल.

आज बुधवार. खिडकीत दुर्गवळींचा सुयोग बसलाय.
स्टाफला कसलं तिकीट, म्हणाला.
फाड, म्हटलं.
पन्नासची नोट दिली. त्यानं गल्ला चाळला,
कोपऱ्यातल्या आठ रुपयांवर बोट नेलं.
ते नाही, म्हटलं.
मग सुट्टे नाहीत, ताई.

बोटीनं भोंगा दिला.
मागे टेम्पोवाला चिडलेला.
राहू दे, म्हटलं,
येताना घेते.